कुमारी अनसूया यांची तबकडी

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात केशवरावांचं काय चुकलं? माणूस बहात्तर वर्षांचा, तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि स्वतःच्या आईचा आवाज कसा होता ते ठाऊक नाही! हे दीड वर्षाचे असताना ती गेली, आता दीड वर्षाच्या पोराला काय आठवणार, डोंबल? आणि दुर्दैव बघा, त्या माउलीनं, अनसूयाबाईंनी, लग्नाआधी मुंबईला जाऊन एक गाणं रेकॉर्ड केलेलं. एकच! लाखेची तबकडी निघाली, मग लग्न झालं, सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सुना गात नाहीत हो!"... संपलं!

तर तुम्हाला सांगतो, ती तबकडी केशवराव चाळीस वर्षं शोधतायत! जुने बाजार झाले, लोणावळ्याच्या बंगल्यांचे माळे झाले, एकानं तर तबकडी तापवून, वाकवून केलेली फुलदाणीच पुढे ठेवली, "शो-पीस आहे, अंकल!" घरी बायको, इंद्रायणीबाई, त्या म्हणायच्या, "अहो, मी इतकं बोलते, ते ऐका की कधी!" काय चुकलं हो त्यांचं?

आणि गेल्या महिन्यात मावळातल्या बेडसे गावाहून फोन! अंबाजी म्हणून एक शेतकरी, कुणाकडून तरी त्याला कळलेलं. "सर, तुमी म्हंता ते रेकाड हाय आमच्याकडं. आमचा आजा लग्नात गाणी वाजवायचा न्हवं! या तुमी."

निघाले! चावीचा ग्रामोफोन मांडीवर, नव्या सुयांची डबी खिशात, कामशेतहून रिक्षा, आणि प्रत्येक खड्ड्याला ग्रामोफोन असा छातीशी... रिक्षावाला म्हणतो, "काका, बाळ हाय का काय त्यात?"

अंबाजीनं पेटीतून तबकडी काढली. तडा नाही, टवका नाही, मधल्या कागदावर स्वच्छ छापलेलं, कुमारी अनसूया! केशवरावांनी चावी भरली, नवी सुई बसवली, आणि टेकवायला मात्र अंबाजीला सांगितलं. तबकडी फिरली, आणि...

खर्रर्रर्र!

सुई बदलली. खर्रर्रर्र! बाई सात भिंतींपलीकडे गातेय की कुणी भांडी घासतंय, कळेना! का? तर गाणं लोकांना इतकं आवडलेलं, की आजोबांनी मावळातल्या प्रत्येक वरातीत तेच लावलं, तीच बोथट सुई, रेघा पार झिजेपर्यंत! आता बोलायचं कुणाला? आवडलं हा काय गुन्हा झाला? आणि केशवरावांचं तरी काय चुकलं?

एवढ्यात अंबाजीची आई, धोंडाबाई, चुलीपासून उठून आली. "ह्ये व्हय? माज्या वरातीला वाजलेलं ह्ये. मला येतंय की!" आणि जात्याच्या घरघरीसारख्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. केशवराव डोळे मिटून ऐकतायत. म्हातारी थांबली.

"पुढे, मावशी?"

"फुडचं कुटं येतंय! तवर वरात फुडं गेलती."

"आणि... आवाज? गाणारीचा आवाज कसा होता?"

म्हातारीनं खूप विचार केला. "ग्वाड व्हता."

"गोड म्हणजे कसा?"

"ग्वाड म्हंजी ग्वाड! आता त्यो कसा दावू बाबा तुला?"

संध्याकाळी घरी आले. दारातच इंद्रायणीबाई, "मिळाली? कसा आहे हो सासूबाईंचा आवाज?"

केशवरावांनी ग्रामोफोन खाली ठेवला, चपला काढल्या, आणि म्हणाले,

"गोड होता म्हणतात."