दाबला की गप्प

नाही, हसा, हसा तुम्ही. साठी उलटलेला माणूस, अडतीस वर्षं कारकुनी केलेला, सात साहेबांची बोलणी पचवलेला, तो मोटारसायकलच्या खडखडीला भितो? भितो. तुम्हाला सांगतो, साहेब ओरडला तर फार तर कानाला लागतं, पण पुढचा ब्रेक ओरडला तर... जाऊ दे, तोंडातून वाईट शब्द नको. आणि ओरडतो तरी सरळ? रस्ता जरा खडबडीत लागला की पुढच्या चाकातून खड खड खड खड, डब्यात खिळे घालून कोणी पळत सुटलंय असं वाटावं, आणि मी घाबरून ब्रेकच्या लिव्हरला नुसती दोन बोटं लावली, जरासा दाबला, की गप्प! सोडला की खड खड. दाबला की गप्प. आमच्या ऑफिसात अशी माणसं पुष्कळ होती, साहेब दारात दिसला की चिडीचूप, पण त्यांच्या भरवशावर बायकोला मागे बसवून कोणी उतार उतरत नव्हतं हो!

बायको म्हणजे, झालं काय, आमच्या हिचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. आठवड्यातून तीन दिवस व्यायामाला जायचं, ते व्यायामाचं केंद्र उताराच्या पायथ्याशी, आणि नेमकी तिकडची बस बंद झाली. मग मी ही गाडी घेतली. जुनी. औषधांच्या दुकानदाराची. तो म्हणाला, काका, लोण्यासारखी चालते. लोण्यासारखी म्हणजे घसरते का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. ही मागे बसायला तयार झाली, पण एका अटीवर. म्हणाली, "मी एकाच हाताने धरून बसणार आहे. तुम्हाला भीती वाटली तर आधी मला सांगायचं. लपवायचं नाही." मी म्हटलं, भीती? मला?

हे बोललो, आणि चौथ्या दिवशी खडखड सुरू.

आता तुम्ही म्हणाल, नीट बघून नाही घेतली का? घेतली ना! बदली होऊन नव्या टेबलावर गेलो की आधी चार्ज घ्यायचा, टाचण्यांच्या डबीपासून सगळं तपासायचं, मोजायचं, मगच सही करायची, हा माझा जन्माचा नियम. गाडीचाही रीतसर चार्ज घेतला. तीन दिवस अंगणात पोतं अंथरून बसलो. मोबाइलवर एक माणूस सगळं खोलून दाखवत होता, तो एक स्क्रू काढी, मी एक काढी. आरसे पुसले, साखळी पुसली, ब्रेकसुद्धा खोलून जुन्या दातांच्या ब्रशने घासला आणि परत बसवला. बसला! गाडी आरशासारखी लखलखीत. आणि चौथ्या दिवशी खड खड खड.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो कसा, "काका, माझ्याकडे होती तेव्हा तर हूं की चूं नव्हतं." वा! विकणाऱ्याकडे असताना कुठली वस्तू कधी आवाज करते का हो? सगळ्या वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी येऊनच बोलायला शिकतात.

मग मेकॅनिककडे गेलो. मेकॅनिक म्हणजे शांत माणूस, हातांना कायम वंगण. त्याने विचारलं, कसला आवाज? आता आवाज सांगायचा कसा? मी तोंडाने काढून दाखवला. खड खड खड खड. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, काका, कवळी सांभाळा. मग गाडी घेऊन एक फेरी मारून आला. आवाज नाही! दोन दिवसांनी परत गेलो, परत फेरी, परत आवाज नाही. मला म्हणतो, काका, तुमच्या मनात आहे तो. माझ्या मनात? अहो, माझ्या मनात अडतीस वर्षांत साधा बढतीचा विचार टिकला नाही, तिथे खडखड कशी टिकेल? तिसऱ्यांदा मी त्याच्या हाताकडे नीट बघितलं, तेव्हा कळलं. तो पट्टीचा चालवणारा, दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवून निघतो! दाबला की गप्प! हे म्हणजे साहेबाने स्वतःच खोलीभर फिरून बघायचं की कारकून गप्पा मारतात का.

त्याला हे सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, शहाणपणा शिकवतो म्हणायचा. मग मी काय केलं? जे अडतीस वर्षं केलं तेच. दुखणं तसंच ठेवायचं आणि वरून दाबून धरायचं.

त्या दिवशी उतार. ही मागे, तिचा डावा हात माझ्या कमरेला, उजवा मांडीवर. खाली चौक, चौकात चारी बाजूंनी ट्रक. मनात येतं, पॅड निसटला तर? पुढच्या चाकाची ती लोखंडी चकती, तिला दोन बाजूंनी चिमटीत धरणारे ते दोन इवलेसे पॅड, बिस्किटाएवढे हो, आणि त्यांच्यावर आम्ही दोघं, आमचा संसार, तिची पाण्याची बाटली, सगळं! आवाज हिला कळू नये म्हणून मी वरपासून खालपर्यंत ब्रेक अर्धा दाबूनच धरला. गप्प. अगदी गप्प. अर्ध्या उतारावर ही म्हणते, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, कोणीतरी कचरा पेटवला असेल. कचरा कुठला? माझी चकती तापली होती! शेवटच्या वळणावर लिव्हर मऊ लागायला लागली, ओल्या भाकरीसारखी, आणि पुढे ट्रकचा मागचा भाग, त्यावर लिहिलेलं 'सुरक्षित अंतर ठेवा' मला चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं... मागचा ब्रेक दाबला, पाय जमिनीला घासले, देवांची नावं घेतली, उपटसुंभ देवांचीसुद्धा. थांबलो. ट्रक हातभर लांब.

ही उतरली. पदर नीट केला. चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो, ही बोलत नाही तेव्हा भ्यायचं. मग म्हणाली, "चार दिवस ऐकतेय ती खडखड. खांदा आखडलाय माझा, कान नाही."



ती व्यायाम करून आली आणि गाडी ढकलत आम्ही थेट मेकॅनिककडे. मी ढकलतोय, ही शेजारून चालतेय. तिथे गेल्यावर तिनेच सांगितलं, "दादा, ब्रेकवरून बोटं काढून चालवून बघा." गेला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत खड खड खड खड आम्हाला इथे ऐकू आलं. परत आला, खाली बसला, पॅडला बोट लावून हलवलं, तर पॅड हलले, लहान मुलाचा पडायला आलेला दात हलतो तसे. म्हणाला, "काका, यावर एक पातळ पत्ती असते, स्प्रिंगची. ती पॅडला वरून दाबून ठेवते, म्हणजे हलत नाहीत. ती नाहीये. पॅड पडणार नाहीत, पिनेत अडकलेत, पण तुम्ही ब्रेक धरून धरून ते झिजवलेत. हा ब्रेक खोलला होता कोणी?"

मी ताडकन म्हटलं, त्या दुकानदाराने! दुसरा कोण? घरी आलो आणि त्याला पत्र लिहायला बसलो. विषय, पत्ती गहाळ केल्याबाबत. महोदय, आपण विकलेल्या वाहनात... असं झकास पत्र, दोन मुद्दे, एक उपमुद्दा. पत्राला जोडायला गाडीची फाइल हवी, म्हणून हिला म्हटलं, कपाटातली फाइल दे. हिने डाव्या हाताने फाइल काढली, आणि आतून एक पाकीट खाली पडलं. टण्ण आवाज आला. पाकिटावर अक्षर माझं. तारीख घातलेली. 'ब्रेक साफ करताना शिल्लक राहिलेली पत्ती. कशाची ते कळत नाही. टाकू नये.'

तुम्हाला सांगतो, तशी चूक ती नव्हेच! ऑफिसात काही उरलं की आम्ही फेकत नाही, नोंद करून फायलीला लावतो. ते कशातून उरलं, हे विचारायचं काम वरच्याचं. इथे वरचा कोणी नव्हता, एवढाच काय तो घोळ.

ही पाकिटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, "आणि दुकानदाराला काय लिहिलंय, जरा वाचा बघू." मी वाचलं नाही. पत्र फाडलंही नाही, फायलीला लावलं.

मेकॅनिकने पत्ती बसवली, नवे पॅड घातले. पाकीट मात्र त्याने भिंतीवर चिकटवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतो. दाखवू दे.

परवा पुन्हा उतार. ही मागे, एक हात कमरेला. ब्रेकवर माझं एकही बोट नाही, खड्डा आला, गेला, गाडी गप्प. लोण्यासारखी. तरी माझे कान पुढच्या चाकाकडेच, कारण खडखड होती तेव्हा निदान पॅड जागेवर आहेत एवढं तरी कळत होतं! तेवढ्यात ही मागून म्हणाली, "अहो, अजून येतोय हो आवाज. खड खड."

मी म्हटलं, गाडी नाही ती.

"मग?"

आता लपवायचं नाही असं ठरलं होतं ना? सांगून टाकलं. म्हटलं, "भीती वाटतेय मला. कवळी वाजतेय."

तिने कमरेचा हात जरा घट्ट केला आणि म्हणाली, "दात दाबून धरा."

दाबले. गप्प.

मेकॅनिकला हे सांगितलं, तर म्हणतो, काका, याला काही पत्ती येत नाही.