द्वारकाक्कांचा अंबाडा

मंडळी, ऐका! माणसाला सगळ्यात जड काय जातं? पोतं उचलणं? उपास करणं? — छे! विचारणं! "मला कळत नाही, सांगा," हे तीन-चार शब्द घशात अडकतात!

एक होत्या द्वारकाक्का. सून रेवती, पार्लरवाली. पार्लर उघडलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "लोकांची डोकी धुणार? आमच्या घराण्यात?" तेव्हापासून दीड वर्ष पार्लरची पायरी चढल्या नाहीत.

आता लेकीचं, नयनाचं लग्न आलं. साखरपुड्यात विहीणबाईंचे केस कसे? रेशीम! अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. — हसताय काय मावशी, तुम्हालाच सांगतोय!

लग्नाच्या सकाळी न्हाणं झालं, आणि अक्का गुपचूप पार्लरमध्ये शिरल्या. फळीवर कंडिशनरच्या दोन बाटल्या, एक डबी. विचारायचं कुणाला? सुनेला? — हॅ! हातात आली ती बाटली उघडली, पसाभर घेतलं, आणि तेलासारखी टाळू भरली! वर घट्ट अंबाडा, वर गजरा.

मंडपात विहीणबाईंना वाकून नमस्कार केला मात्र — सुळ्ळकन! अंबाडा सुटला, गजरा थेट गुरुजींच्या ताम्हनात! केस कसे? शेवयांच्या खिरीसारखे! मंडप खदखदून हसला. अक्का रडतच खोलीत शिरल्या. बिचारीच्या मनाला फार लागलं हो.

गुरुजी ओरडले, "मुहूर्ताला बारा मिनिटं!"

अक्का आतून, "मी अशी येत नाही!"

नयना म्हणाली, "आई नाही, तर अक्षता नाहीत!"

आता? मुहूर्त थांबतो का कुणासाठी?

रेवती कोमट पाण्याची बादली आणि पार्लरमधल्या त्या बाटल्या, डबी घेऊन आत गेली. "आई, वाका." धुता धुता सांगू लागली, "ही बाटली फक्त टोकांना लावायची, दोन मिनिटांत धुवून टाकायची. टाळूला नाही! ती दुसरी, धुवायचीच नाही. ओल्या केसांना चार थेंब, बास. आणि डबीतला घट्ट लेप कोरड्या केसांना. अर्धा तास गरम टॉवेल बांधायचा, मग धुवायचं."

अक्का पाण्यातून गुरगुरल्या, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"आई, तुम्ही विचारलं कुठं?"

आणि मंडळी, दीड वर्षात पहिल्यांदा अक्कांनी सुनेला विचारलं! हळूच म्हणाल्या, "बरं... त्या दुसरीतले चार थेंब किती मोठे गं?"

मुहूर्ताला एक मिनिट असताना अक्का मंडपात! केस मोकळे, झुळझुळीत. अक्षता पडल्या. विहीणबाई कानाशी लागल्या, "अहो, काय लावलंत?"

अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला काय कळतंय? माझ्या सुनेला विचारा!"

मंडळी, आज घरी जाऊन सुनेला, लेकीला, शेजारणीला एक गोष्ट विचारा. बुवा, तुम्ही विचारलंत का, म्हणता? — हे बघा, फेटा काढतो! काही उरलंय का? मी वेळेत विचारलं नाही! तुम्हाला अजून केस आहेत, वेळही आहे. विचारा! आणि आता टाळ उचला, म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल, विठ्ठल!