पहिल्या ओळींची वही

नाव विमल, पण माहेरी समदी इमलच म्हणत्यात. माहेर ताम्हिणी, सासर हे नांदे. हितल्या अंगणवाडीत मी सेविका हाय, केस काळे व्हते तवापासून. पोरांची वजनं, लसी, खाऊ, समद्याच्या वह्या येगळ्या, आणि एक वही कुटली वही कुटं ठेवली ते लिहायची. हसू नका, तीच लई कामाला येती. ही सवय मला लागली कशी ते आधी सांगते, कारण पुढचं समदं त्याच्यातनंच झालं.

आमच्या ताम्हिणीला भाताची आवणी सावडीनं व्हायची, म्हंजे आज आमच्या खाचरात, उद्या तुमच्या. आमच्या वाडीच्या बायांची एक रांग, वरच्या वाडीची दुसरी, वाकून रोप लावत मागं मागं सरकायचं आणि गायचं. आमच्या रांगेची म्होरकी माझी चुलती, ठकूकाकी. तिकडची सोनाबाई. काकीनं एक ओळ सोडायची, पुढची ओळ सोनाबाईनं द्यायची, परत काकी, परत सोनाबाई, असं गाणं दोघीत अर्धं अर्धं, कधी सुरवात तिकडनं. बाकीच्या नुसता सूर ओढायच्या. आणि नेम असा की एकदा गायलेलं गाणं त्या सालात परत काढायचं न्हाई. काढलं तर त्या रांगेनं दुसरीच्या रोपाच्या मुठी वाहायच्या. त्यावरनं भांडणं काय सांगू तुम्हाला! आगं परवाच झालं की हे, कुटं झालं, सपनात गायलीस काय, अशी निस्ती कावकाव. शेवटी काकी म्हणली, ह्या इमलला बसवा बांधावर, साळंत जातीया, लिहील ती. मग मी डोक्यावर इरलं घेऊन बांधावर, वही पिशवीत गुंडाळलेली. गाणं सुरू झालं की पहिली ओळ वहीत शोधायची, नसली तर लिहायची, म्होरं खूण करायची, झालं माझं काम. पुढं त्या काय गात्यात तिकडं माझं ध्यान न्हाई, मी पुढच्या गाण्याची वाट बघत बसलेली. एकसष्ट गाणी व्हती वहीत. बाया म्हणायच्या, इमलकडं समदी गाणी हायेत. मलाबी तसंच वाटायचं.

लगीन होऊन मी हिकडं आले, वहीबी आली. नांद्यात तवा शेतं व्हती, आता बिल्डिंगी. आमच्या दिराच्या रानावर मोठी सोसायटी उभी हाय, तितं अश्विनी मॅडम राहत्यात, लातूरकडच्या, कंपनीत कामाला. त्यांची मुलगी माझ्याकडं अंगणवाडीत यायची. बाई मनानं चांगली, हे आधीच सांगते, त्यांच्यावर काही ढकलायचं न्हाई मला. त्या म्हणल्या, विमलताई, आम्ही सोसायटीत लोकसंगीताचा दिवस करतोय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लेझीम, गोंधळ, सगळ्यांनी मिळून नाचायचं, आणि एक सेशन असं की ज्यात गावातल्या बायकांनी गायचं आणि आम्ही शिकायचं. मी म्हणलं, एकसष्ट गाणी हायेत माझ्याकडं. वही दाखवली. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं.

सोनाबाई तर कधीच गेली व्हती. पण काकी व्हती, तिच्या लेकाचा ढाबा हाय घाटाच्या रस्त्याला, त्याच्या मागच्या खोलीत. मी दोन रविवार एष्टीनं गेले. वही उघडली, एकेक ओळ वाचली. हे येतं का काकी? व्हय. हे? येतं की, न येयाला काय झालं. मी खूण करायची आणि पुढची ओळ. चाळीस गाण्यांवर खुणा झाल्या. बघा हां, दोन रविवार तिच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि एकदासुदीक म्हणलं न्हाई की काकी, दुसरी ओळ काय. इतकी वर्षं पोरांच्या वजनाचा काटा दोनदा बघणारी बाई मी.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅडमनी माझ्या वहीचा मोठा फ्लेक्स केलेला, एकसष्ट पहिल्या ओळी, त्याच्यापुढं लोकं फोटो काढून घेत व्हती. काकी हिरवं नऊवारी लुगडं नेसून आलेली. खुर्ची दिली तर म्हणली, बसून आवणी करत्यात का? उभीच राहिली, जरा वाकून. आणि सोडली ओळ, वरच्या खाचराचं पाणी खाली कोण गं आणी. काय आवाज म्हणता. नाचणारी पोरं थांबली.

आणि काकीबी थांबली. डाव्या हाताला तोंड करून थांबली, जिकडं दुसरी रांग असायची तिकडं. तिनं परत तीच ओळ सोडली. परत थांबली. मग माईकमधीच म्हणली, आगं उचला की गं, झोपलासा का? लोकं हसली, त्यांना वाटलं आपल्यालाच म्हणतीया, समद्यांनी मिळून तीच ओळ म्हणली. काकीनं मान हलवली, हे न्हवं. उत्तर आल्याबिगर तिला तिची पुढची ओळ सुचंना. मग माझ्याकडं वळली. इमल, सोनीचं काय व्हतं गं ह्याच्या पुढं? तू व्हतीस की बांधावर.

मी वही उघडली. वही उघडून काय बघत व्हते देव जाणे, मला ठाऊक व्हतं त्यात काय हाय. पहिली ओळ आणि खूण.

निवेदक पोरगा म्हणला, क्या बात है, आजींसाठी जोरदार टाळ्या. टाळ्या झाल्या, लेझीमवाले आले.

मॅडमच्या गाडीतनं काकीला सोडायला गेले. पौड मागं पडल्यावर ती माझ्याकडं वळली. मग म्हणली, आमी गात व्हतो तवा तू काय करत व्हतीस गं? रागानं न्हाई, खरंच इचारत व्हती. मी म्हणलं, लिहीत व्हते. ती म्हणली, मग?

त्यानंतर मी वरच्या वाडीला गेले. सोनाबाईची सून म्हणली, आवो वन्सं, आमी लगीन होऊन आलो तवा सासूबाई खाटंवर व्हत्या, आणि खाचरात मजूर, गाणं कुटलं ऐकणार. आता त्या खाचरात सुट्टीला येणाऱ्यांचे तंबू हायेत. घराघरात जाऊन आले, कुणाकुणाला इचारलं त्याचीबी यादी केली. सतरा घरं. एका म्हातारीला सूर आला, शब्द न्हाई. रविवारी काकीकडं जायचं तेवढं सोडलं न्हाई, मोबाईलवर टेप करायला लागले. सुरवातीला मी ओळ वाचली की काकी ती ओळ गायची. मग नुसतं सांगायची, हे आपलं, हे सोनीचं. आता मला म्हणती, तलाठ्याकडनं आलीस का बाई, लेक ढाब्यावर हाय, त्याला भेट.

ह्या वर्षी तो दिवस परत हाय. मॅडमचा फोन आला, ताई, सोल्युशन मिळालं. पहिल्या ओळी आहेत ना आपल्याकडं, बाकीचं आम्ही एआयकडून पूर्ण करून घेतलं, चालपण लावली. धाडलं मला मोबाईलवर. एकसष्टच्या एकसष्ट. मी ऐकलं. चांगलं हाय ओ. दोन बाया आळीपाळीनं गात्यात, मधी पाण्याचा आवाज. चूक हाय म्हणायला जीभ वळवळत व्हती, पण चूक म्हणायला बरोबर काय ते ठाऊक पाहिजे ना. माझ्याकडं कुटं हाय बरोबर?

मग परवा काकीला ऐकवलं. म्हणलं ही तरी फेकून देईल मोबाईल. म्हणंल, ही कुटली भवानी, ही न्हवं आपली. मी तेवढ्यासाठीच गेले व्हते, खोटं कशाला बोलू. काकी ऐकत बसली. बोटं हालायला लागली, मुठीतनं रोप सोडवत्यात तशी. दुसरी ओळ आली, ती मशिनीची, आणि काकी हसली. म्हणली, सोनी आली व्हय गं. किती उशीर केलास.

मी तसंच चालू ठेवलं. बंद कशाला करू? मॅडमना कळवून टाकलं, व्हय, हीच हायेत गाणी, बसवा. पोरीबाळी गातील, नाचतील, गळे चांगले ऱ्हावोत त्यांचे. काकी आता रोज तेच मागती, सोनीला बोलाव म्हणती, आणि मी रविवारी जाते, सोनीला लावते, आणि दोघींच्या मधी बसते.