अकरा फेऱ्या

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या लूरीनबाईंच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"क्लेटस, नऊ वर्षं तुझ्या टीमची गाडी पळवली मी. दरवेळी वीसेक फेऱ्या झाल्या की तू मला शर्यत अर्धवट सोडून आत बोलवायचास."

"शर्यतीत नुसतं उतरलं तरी पैसे मिळायचे, आणि इंजिन एकच होतं आपल्याकडे, वेंडेल. ते गेलं की टीम गेली."

"कळत होतं रे. पण शर्यत संपताना चौकड्यांचा झेंडा हलवतात, तो गाडीत बसून एकदाही पाहिला नाही."

"टीव्हीवर बघायचास की."

"चेष्टा पुरे, लेका. शेवटच्या शर्यतीत मी आत आलो नाही, त्याचा राग आहे अजून?"

"अकरा फेऱ्या राहिल्या होत्या आणि इंजिन फुटलं. शेडला कुलूप लागलं. राग नको यायला?"

"अकराच. अजून झोपेत मारतो मी त्या."

"बायको सांगत होती तुझी. पाय झाडतोस म्हणे."

"रेडिओवर तुझी हाक ऐकू आली नाही म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. स्वच्छ ऐकू आली होती."

"ठाऊक होतं मला."

"मग?"

"मग काय? दुसऱ्यांदा हाक मारली का मी?"