कांद्याची पोती आणि आहुप्याचा घाट

आळेफाट्यावर टायरात हवा भरायला रांग होती. हर्षालीच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीला टेकून दोन म्हातारे बोलत होते.

“सत्तारभाई, नागपूर लई लांब. माझ्या पोराची नवी गाडी न्या.”

“गाडी चांगलीच हाय, चांगदेवभाऊ. पन तिच्या खोडी मला ठावं न्हाईत.”

“आन् हिच्या?”

“बावीस वर्सं झाली. हिचा आवाज जरा बदलला तर मी जेवणावरनं उठतो.”

“लेकीचं बाळंतपण हाय. वाटंत बंद पडली तर?”

“म्हनून तर काल आहुप्याला जानारा घाटरस्ता चढवून आनली. मागं चार पोती कांदा घालून. इंजिन तापलं न्हाई.”

“कांदा कशाला?”

“माणसं बसवून कोन परीक्षा घेतं?”

“तरी वहिनींना इचारा. नव्या गाडीत आराम व्हईल.”

“जैबुन्निसा? दुसऱ्याच्या गाडीत ती मुठी आवळून डायव्हरकडं बघत बसती.”

“इचारा तरी.”

“मागच्या शिटावर हाय. हळू बोला, जुन्नर सुटल्यापासनं झोपलीय.”

रांग पुढे सरकली. हर्षालीने हॉर्नवर गेलेला हात मागे घेतला.