‘माहीत नाही’ हे तिसरं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे विभागप्रमुख. व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि सहकारी बंधुभगिनींनो,

मला चार चांगले शब्द बोलायला सांगितलं आहे. चांगले आधी बोलून घेतो.

ताईंना आमच्या मजल्यावर ‘कशावरून’ म्हणतात. तोंडावर नव्हे, एवढी छाती कोणाची? कॅन्टीनवाले काका म्हणाले, चहा ताजा आहे, की ताई विचारणार, "कशावरून?" हल्ली त्या दिसल्या की काका काही न बोलता पातेल्यावरचं झाकणच उघडून दाखवतात.

आई ऑफिसात नेमकं काय करते हे आपल्याला कधी कळलंच नाही, असं लेक मघाशी म्हणाली. तर बाळ, सांगतो. एका मोठ्या संगणकाच्या पोटात हल्ली कितीतरी संगणक राहतात. खरे नव्हेत, भासाचे. खऱ्या यंत्रावर एक यजमान प्रोग्राम बसतो आणि या पाहुण्यांना वाढतो: इतकी मेमरी तुला, इतका प्रोसेसर तुला. गंमत अशी की आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याला आपोआप कळत नाही. त्याला वाटतं, घर आपलंच. म्हणून त्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, थोडासा कोड असतो. सुरू होताना तो प्रोसेसरला विचारतो, ‘इथं यजमान कोण?’ तो कोड दुसऱ्यांनी लिहायचा आणि तुझ्या आईने तपासायचा. उभा जन्म त्यातच गेला म्हण ना.

हे कळून उपयोग काय? यजमान पाहुण्याला मध्येच झोपवतो, उचलून दुसऱ्या यंत्रावर नेतो, मग जागं करतो. आपण पाहुणे आहोत हे ज्याला ठाऊक आहे, तो उठल्याबरोबर यजमानाला वेळ विचारतो. ज्याला ठाऊक नाही, तो झोपताना किती वाजले होते तेच धरून पुढे चालू लागतो. आपली प्रणाली रुग्णालयांत चालते. कोणत्या खाटेवर कोणतं औषध कधी द्यायचं, ते ती सांगते. भावोजी कित्येक महिने अशाच एका खाटेवर आहेत, आणि त्यांच्याजवळ बसता यावं म्हणून ताई मुदतीआधी निवृत्त होताहेत, हे आपण सगळे जाणतो.

आता चांगले शब्द संपले.

काही यजमान नाव सांगत नाहीत. विचारलं तरी गप्प. ताईंनी मंजूर केलेल्या कोडमध्ये अशा वेळी तिसरं उत्तर असतं: माहीत नाही. मग कर्नेल सावध राहतं, वेळ बाहेरून पुन्हापुन्हा पडताळून घेतं. नव्या बदलात हे तिसरं उत्तर काढून टाकलं आहे. यजमान गप्प, म्हणजे यजमान नाहीच. त्यामुळे यंत्र चुटकीसरशी सुरू होतं, हे मान्य. ताईंनी त्यावर आक्षेप घेतला, आणि आपल्याकडे एकाचाही आक्षेप असेतो बदल आत जात नाही. वरून फोन आले, बैठका झाल्या. अध्यक्षमहाशय, आपणही त्यांची समजूत घालून पाहिलीत. "गप्प बसलेला माणूस घरात नाही, असं तुम्ही धरता का?" एवढंच त्या म्हणाल्या.

ताई, मघाशी पुष्पगुच्छ घेताना तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "मी गेले तरी आक्षेप आहे ना, बस." त्याचं उत्तर इथून देतो.

तो आक्षेप राहिलेला नाही. उद्या तुम्हाला पुन्हा खेप पडू नये म्हणून कार्यालयाने तुमचं खातं दुपारीच बंद केलं. चांगल्या मनाने केलं. पण खातं गेलं की त्या खात्याचे आक्षेपही जातात, असा आपला नियम आहे. जगाचा कोड तपासणारे आपण, हा नियम कोणी तपासलाच नव्हता. वाट मोकळी दिसताच बदल आपोआप आत गेला, आणि हा हॉल भरत होता तेव्हा रुग्णालयांकडे रवाना झाला.

मागे घ्यायला दोन तपासनीसांची संमती लागते. आता मी एकटा उरलो, आणि ताईंची जागा भरायची नाही असं ठरलं आहे. मी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "पुढच्या बैठकीत घेऊ. आज बाईंचा दिवस बिघडवू नका." मला त्यांचा रागही येत नाही. पुढच्या बैठकीत काय होणार हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मग भावोजींच्या रुग्णालयाला फोन लावला. तिथला संगणक सांभाळणारा माणूस म्हणाला, "सुरक्षेसाठी आम्ही यजमानाचं नाव लपवूनच ठेवतो. बदल आपोआप बसतो, थांबवणं आमच्या हातात नाही." मी फोन ठेवला आणि खाली गाडी बोलावून घेतली.

संयोजकांचे आभार, माईक चालू ठेवणाऱ्या मित्राचे जास्त आभार. समारंभाला न शोभणारं बोललो असेन, तर अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी ते पदरात घ्यावं.

ताई, जेवणासाठी थांबू नका, खाली गाडी उभी आहे. औषध द्यायला सिस्टर येतील, त्यांना सांगा, पडद्यावरची वेळ मानू नका, स्वतःच्या मनगटावर बघा. भावोजींच्या खाटेजवळ निदान तुम्ही असाल. बाकीच्या खाटांजवळ हे सांगायला कोणीच बसलेलं नाही.