दसऱ्याआधी आलेली सीडी

"हॅलो?… हां, बोला साडूभाऊ. बोला."

रामकिसननं फोनवरचं नाव दोनदा वाचलं होतं, मगच तो उचलला होता. समोर टेबलावर लेकीनं पाठवलेला नवा लॅपटॉप उघडा होता. त्याला वायरीनं जोडलेला सीडीचा चपटा खाना होता, आणि शेजारी विमान चालवायचा दांडा. लॅपटॉप सोडला तर हा सगळा लवाजमा, सीडीसकट, परवा दुपारी अंबडहून एसटीच्या कंडक्टरनं परतूरला आणून दिला होता, आणि तेव्हापासून रामकिसनच्या जिवाला चैन नव्हतं.

"हो, हो, पोचलं… परवाच पोचलं. मीच फोन करनार होतो… विसरलो न्हाई हो. म्हनलं, आधी बघावं तरी काय पाठवलंय."

काय पाठवलंय ते उघड होतं. का पाठवलंय, ते कळत नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी या दोन साडूंनी पोरांचं नाव पुढं करून जालन्याहून विमानाच्या खेळाची एक सीडी आणली होती, दोघांत एकच. पोरं चार दिवसांत कंटाळली, बाप मात्र अडकले ते अडकलेच. मग सामाईक विहिरीवर पाण्याच्या बाऱ्या लागतात तशा सीडीच्या बाऱ्या लागल्या. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत ती अंबडला काकासाहेबांकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत परतूरला रामकिसनकडे. एकवीस वर्षांत काकासाहेबांनी ती एक दिवस आधी हातची सोडली नव्हती. दसऱ्याला सुद्धा आधी आपट्याची पानं द्यायचे, मग चहा, मग शिळोप्याच्या गप्पा, आणि अगदी शेवटी, जीव काढून दिल्यासारखी, सीडी.

आणि आता श्रावणातच, न मागता.

"ऐका ना, ऐका… मला एक सांगा. दसऱ्याला अजून दोन महिने हायेत. बारी तुमची चालू हाये… हो, राजीखुशीनं देऊन राह्यले, समजलं. तेच इचारून राह्यलो, राजीखुशी कामून?… असंच?… असंच म्हंजी कसं?"

रामकिसन तीस वर्षं परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होता. ओलं सोयाबीन, पोत्याच्या तळाला माती, काट्याखाली सरकवलेला खडा, सगळं त्यानं पाहिलं होतं. फुकट आलेली वस्तू तो दोनदा तोलून घ्यायचा. त्यात काकासाहेब अंबडच्या कोर्टातले निवृत्त बेलीफ. जन्मभर लोकांच्या दारात समन्स घेऊन उभा राहिलेला माणूस आपल्या घरी काही पाठवतो, तेव्हा सही कुठं घ्यायचीय ते आधी बघावं लागतं.

"घातली ना. सकाळधरून घालून राह्यलो. खाना घूं घूं करतो, दिवा लुकलुक करतो अन् गप बसतो. कंप्युटर म्हन्तो, सीडी टाका. आता टाकलेलीच हाये, अजून काय टाकू?… वायर बदलली… दुसऱ्या छेदात बी लावून बघितली. साडूभाऊ, सरळ बोलतो, राग मानू नका. ही तुमच्याकडंच गेलती ना?"

हाच त्याचा वहीम होता. सीडी काकासाहेबांच्या हातात मेली असणार. आता ती गुपचूप इकडं पाठवायची आणि दसऱ्याला सगळ्या पाहुण्यांत सांगायचं, माझ्याकडं होती तवर बराबर चालत होती. म्हणजे एकवीस वर्षांच्या भागीदारीचा खून रामकिसनच्या नावावर. हा कलंक घ्यायची त्याची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर सीडी गेली, की साडूकडं जायचं कारणही जाणार होतं. ते त्याला जास्त टोचत होतं, पण तसं तो कबूल करणाऱ्यांतला नव्हता.

"न्हाई गेलती? चालून राह्यली होती?… कवापर्यंत?… आखितीपर्यंत. अन् मंग आखितीपासून आतापर्यंत तीन महिने? तीन महिने तुमी खेळले न्हाई? तुमी?… हॅलो?… हां, हाये, हाये. तुमीच गप झाल्ते."

"काय करू?… बाहेर काढू. काढली… बोट फिरवू? चमकत्या बाजूवर?… साडूभाऊ, एकवीस वर्षं तुमीच म्हनून राह्यले, चमकत्या बाजूला बोट लावायचं न्हाई. एकदा माझा अंगठा लागला तर दोन दिवस बोलले न्हाई तुमी. अन् आज म्हन्ता बोट फिरव?… उजेडात धरून बघतो की सरळ. बोट कशाला… बरं, फिरवतो. फिरवून राह्यलो… खरखरीत लागतंय. चिकटबी हाये जरासं… थांबा. थांबा जरा."

सीडी उलटी करून त्यानं खिडकीशी धरली. चमकत्या बाजूवर, भोकाच्या अगदी शेजारी, हळदी-कुंकवाचं स्वस्तिक होतं, चांगलं ठसठशीत, चार टिंबांसकट. वर दोन अक्षताही वाळून चिकटल्या होत्या.

काल नव्या लॅपटॉपची पूजा झाली होती. परतूरला शिलाई मशीन येवो की फवारणीचा पंप, हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. रामकिसनची बायको दैवशाला हिनं लॅपटॉप, खाना, दांडा आणि सीडी, सगळ्यांना एका ओळीत मांडून ओवाळलं होतं, आणि नारळ खुद्द रामकिसननं फोडला होता. आता त्यानं तिला हाक मारून सीडी दाखवली, तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. चमकती बाजू म्हणजे तोंड, आणि देवाच्या पाठीला कुणी कुंकू लावतं का?

"न्हाई, कुनी न्हाई… घरातल्याच्या संगं बोलून राह्यलो… काय निघालं? काही न्हाई, जरा धूळ होती… तुमची न्हाई, आमचीच. प्रवासातली… बरं, कुंकू हाये. पूजेचं… हसा, हसा. तुमची मेहुनीच हाये ती, सख्खी. कशानं पुसू?… ओल्या फडक्यानं. मधून बाहेर… गोल न्हाई फिरवायचं. बरं."

त्यानं चष्म्याचं फडकं भिजवून सीडी पुसली. साडू निर्दोष ठरला याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला उलट त्रास. सीडी जर चांगली होती, तर ती दिलीच कशाला?

"लागली. चालू झाली… हो, आता भरून राह्यलं. हिरवी पट्टी सरकून राह्यली… साडूभाऊ, हा सीडीचा खाना तर तुमचा हाये. अन् हा दांडा. हे बी मलाच?… तुमाला नको? सीडी नको, खाना नको, दांडा नको. कुठं निघाले का तुमी? तीर्थाला?… मंग?… झालं बघा, भरलं. आता त्या विमानाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली… अंधार. समदं काळं. बाहेर बी येत न्हाई."

"हो, आलो बाहेर. तीन बटनं संगं दाबून आलो… आता उजवी टिचकी. बरं. लांब यादी आली, समदी इंग्रजीत. मी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो, बघून सांगा… टाकला. बघा… वाचून कशाला दाखवू, फोटो टाकला ना. बघा की… चष्मा सापडत न्हाई? आक्काला मागा… बरं बरं, वाचतो."

त्यानं यादी अडखळत वाचली. काकासाहेब पलीकडून एकेक ओळ सांगत गेले. सगळ्यात खालच्या ओळीवर जा, वरच्या पट्टीत कंपॅटिबिलिटी दिसेल, तिथल्या चौकोनात खूण कर, जुन्या विंडोजचं नाव निवड. मागल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नव्या कंप्युटरवर हेच सगळं केलं होतं, त्यामुळं त्यांना ते पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोरचा फोटो न बघणं वेगळं. रामकिसननं फोन कानावरून काढून व्हॉट्सॲप उघडलं. फोटोखालच्या खुणा अजून निळ्या झाल्या नव्हत्या.

"केली खूण… हो, जुनं निवडलं. साडूभाऊ, एक बोलू? तुमी फोटो बघितलाच न्हाई… मला दिसतंय ना इथं. चष्म्याचं सांगू नका, चष्मा तुमच्या गळ्यात दोरीनं बांधलेला असतो… जवळ कोन हाये तुमच्या? फोन स्पीकरवर टाकलाय का? चार जनं बसवून माझी गंमत करून राह्यले का?… मंग खरं सांगा. न्हाईतर उद्याच्या गाडीनं समदं परत पाठवतो. सीडी, दांडा, समदं. मला कुनाचं फुकट नको, अन् माझ्या बारीआधी तर बिलकुल नको… बोला ना… हॅलो?… हॅलो?"

रामकिसनला वाटलं, पकडला. माप मारणारा पकडला गेला की असाच गप होतो. त्याला जिंकल्यासारखंही वाटलं, क्षणभर. मग फोनवर काकासाहेबांच्या बायकोचा आवाज आला.

"कोन?… आक्का? हां, आक्का, नमस्कार. काय म्हनून राह्यलो, साडूभाऊ जरा… कोन्चं? डोळ्यांचं?… काचबिंदू? कवापासून?… दोन्ही? आक्का, दोन्ही डोळे?… अन् डॉक्टर काय म्हनले?… नसच वाळली. मंग आपरेशन… त्यानं बी न्हाई? गेलेली नजर परत येतच न्हाई?… आता किती दिसतं?… दाराचा उजेड कळतो फक्त… आमाला कामून न्हाई सांगितलं?… त्यांनी शपथ घातली. मला सांगायचं न्हाई म्हनून. मलाच?… हो आक्का. हो. ऐकून राह्यलो."

रामकिसन खुर्चीत बसला. दारात दैवशाला उभी होती. आपल्या मोठ्या बहिणीबद्दल काहीतरी आहे एवढं तिला कळलं होतं, आणि ती हातानंच काय झालं म्हणून विचारत होती. त्यानं तिला हातानंच थांब म्हटलं. त्याला लाज वाटली. एक माणूस आंधळा होताना आपली सगळ्यात लाडकी वस्तू कुणाकडं द्यावी याचा विचार करतो, त्याला आपलं नाव सुचतं, आणि आपण तिच्यात खोट शोधत बसतो. मोंढ्यातल्या तीस वर्षांनी आपल्याला काय करून ठेवलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"आक्का, द्या त्यांना. द्या फोन… साडूभाऊ?… हां. न्हाई, काही न्हाई बोलत त्याच्यावर. तुमी बी नका बोलू… चुकलं माझं. बस, एवढंच… बरं, आता काय करू ते सांगा. खूण करून ठेवलीय… ठीक. मारली दोनदा टिचकी… काळं… काळंच हाये… आलं. आलं, साडूभाऊ. यादी आली, विमानतळांची."

"कुठून उडवू?… औरंगाबाद हाये ना यादीत. तिथून अंबडवर नेतो… दांडा बसला बराबर. आवाज येतो का?… थांबा, फोन लॅपटॉपच्या जवळ धरतो… आता?… येऊन राह्यला? बरं झालं… हो, गती वाढवतो. साठ… सत्तर… आता वढू? न्हाई अजून. बरं… आता. उचललं. चाकं सुटली… तुमाला कसं कळलं?… आवाजावरून. वा."

काकासाहेब सांगत होते आणि रामकिसन दांडा वळवत होता. एकवीस वर्षांत दोघं एकाच विमानात पहिल्यांदाच बसले होते. एरवी एकाची बारी असली की दुसरा त्याच्या चुका मोजायचा. थोड्या वेळानं काकासाहेबांनी काहीतरी विचारलं असावं, कारण रामकिसन एकदम अडखळला.

"खाली?… खाली काय दिसतं म्हन्ता?"

खाली हिरवे चौकोन होते. एक हिरवा, एक त्याहून गडद हिरवा, मध्ये एखादा तपकिरी, आणि पुन्हा तेच. जुन्या खेळात जमीन म्हणजे एवढीच होती आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. रामकिसननं स्क्रीनकडं नीट पाहिलं.

"खाली… शेतं दिसून राह्यली. कपाशीची. बोंडं फुटलीत, पांढरं पांढरं… श्रावणात? न्हाई, मी गेममधी दिवाळीचा महिना लावलाय. लावता येतो ना… हो. येचणी चालू हाये. बांधावर बाया बसल्यात, न्याहारी करून राह्यल्या… आता रस्ता आला. अंबडचाच असंल… एक एसटी चाललीय, लाल… पुढं मत्स्योदरीची टेकडी दिसून राह्यली. देवळाची पायऱ्यांची रांग बी दिसते… हो ना, खरंच."

"काय?… आपल्या गेममधी असं काही न्हवतं?… नुसते चौकोन होते, हो, ठाऊक हाये… तुमचा कंप्युटर मागल्या सालचा, साडूभाऊ. ह्या नव्यावर लई साफ दिसतं… शंका कामून घेऊन राह्यले? मी खोटं बोलतो का कवा?… बरं, ऐका. तुमच्या गल्लीवर आलो. खाली घेऊ का अजून?… तुमची गच्ची दिसली. आक्कानं पापड वाळत घातलेत… हॅलो?… साडूभाऊ?… हॅलो?"

लाइन गेली होती. अंबडकडं रेंज नेहमीचीच तशी. रामकिसननं लॅपटॉपवर एक बटण दाबलं, मग फोन घेऊन अंगणात गेला, परत आला, आणि तीनदा लावल्यावर लागला.

"हॅलो?… हो, मीच. कट झालतं… न्हाई, पडलं न्हाई. तुमच्या गच्चीवरच उभं करून ठेवलंय, हवेत… तुमच्याबिगर पुढं कशाला नेऊ?"